बंद पडलेल्या जहाजामागे

रविवारी दुपारचे चार वाजत आले की हिंगोलीत रेल्वे स्टेशनामागच्या एका दोन खोल्यांच्या घरात लढाईची तयारी सुरू व्हायची. संतराम आधी चष्म्याच्या काचा बनियनच्या टोकाला पुसायचे, मग शेंगदाण्याच्या स्टीलच्या डब्याला फोन आडवा टेकवायचे, कानात वायरी घालायचे आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हुकूम सोडायचे.

"पार्वते, दोन तास मला हाक मारू नको."

"अन् दूध उतू गेलं तं?"

"तं जाऊ दे."

पार्वतीबाई कपाळाला हात लावायच्या. एकतीस वर्षं या माणसानं एसटी चालवली, कधी कुणाची छत्रीसुद्धा गाडीत राहू दिली नाही, आणि आता दूध उतू जाऊ द्या म्हणतो! पण त्या जास्त बोलायच्या नाहीत. रविवारचे ते दोन तास नवऱ्याच्या कानात पोराचा आवाज असतो, हे त्यांना ठाऊक होतं. स्वप्निल पुण्याला नोकरीला लागल्यापासून घरी फोन करायचा तो पंधरवड्यातून एकदा. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, ठेवतो. बाप-लेकात बोलायचं काय, हा प्रश्न दोघांनाही पडायचा. पोराला वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. विषयच संपले होते.

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आलेल्या स्वप्निलनं बापाच्या फोनवर 'दर्याबाजी' घालून दिली. समुद्रावरच्या लढाईचा गेम. दहा जहाजं इकडं, दहा तिकडं, आणि प्रत्येक जहाजावर कुठल्या तरी गावचा खराखुरा माणूस.

असले गेम करणाऱ्यांची एक मोठी पंचाईत असते. सोपा केला तर मुरलेले खेळाडू नाकं मुरडतात, हा काय पोरखेळ म्हणतात. अवघड केला तर नवा माणूस उंबऱ्यातूनच मागं फिरतो. 'दर्याबाजी'वाल्यांनी यावर एक तोड काढली होती. त्यांनी दोन खोल्या केल्या होत्या. सोप्या खोलीत तोफ कुठं रोखायची ते एक पांढरा ठिपकाच सांगायचा. एका अंगठ्यानं जहाज वळवा, दुसऱ्यानं ठिपक्यावर गोळा सोडा, झालं काम. त्या दिवाळीत पार्वतीबाईंनीही चकल्या तळता तळता पिठाच्या बोटानं एक जहाज बुडवलं होतं आणि "हे काय, इतकंच असतंय?" असं म्हणून फोन परत दिला होता. पक्क्या खोलीत मात्र ठिपका नाही. समोरचं जहाज किती वेगानं कुठं चाललंय, गोळा पोचेपर्यंत ते कुठं जाईल, आपलं जहाज तिरकं आहे की आडवं, याचा सगळा अंदाज ज्याचा त्यानं बांधायचा. आपली कूस शत्रूला दाखवली की गेला.

स्वप्निल पक्क्या खोलीतला. त्याचा दहा जणांचा ताफा होता, तो त्याचा कप्तान. दहात एक सोपा खेळाडू घेतलेला चालेल अशी गेमची सवलत होती, आणि त्या जागेवर त्यानं बापाला घेतलं. ताफ्यातल्या पोरांनी आधी कुरकुर केली. अकोल्याचा कुलदीप तर स्पष्टच म्हणाला, "भाऊ, नातेवाईक घेऊन लीग जिंकतात का?"

पण सहाएक रविवार गेले आणि कुलदीपची बोलती बंद झाली. नेम धरणं संतरामांना जमत नव्हतं, त्याला ठिपका होता. जहाज चालवणं मात्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पोरं वळण आलं की वळायची आणि बेटावर जाऊन आदळायची. संतराम वळण यायच्या कितीतरी आधी वळायला लागायचे. भरलेली गाडी ब्रेक दाबला म्हणून जागेवर थांबत नसते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांनी जहाजाला नाव दिलं होतं 'जलद'. स्वप्निलच्या जहाजाचं नाव 'कयाधू', गावच्या नदीचं. 'जलद' नेहमी 'कयाधू'च्या मागं.

"बाबा, हे वळवता कसं तुमी?" स्वप्निल एकदा विचारता झाला, आणि संतराम पाऊण तास बोलले. कळमनुरीच्या पुढची वळणं, पावसाळ्यातला चिखल, टपावर पोती असली की गाडी कशी डुलते, सगळं. पोरगं ऐकत होतं. एकतीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले.

एकच खोड होती आणि ती काही केल्या जात नव्हती. आपल्यातलं एखादं जहाज बंद पडलं की संतराम थांबायचे.

इंजिनाला गोळा लागला की जहाज मिनिटभर जागेवर उभं राहतं. अशा वेळी बाकीच्यांनी त्याला सोडून पुढं सुटायचं, हा पक्क्या खोलीतला पहिला धडा. थांबलेलं जहाज म्हणजे मेलेलं जहाज. संतराम मात्र 'जलद' घेऊन बंद जहाजाजवळ जायचे, शत्रू ज्या बाजूनं येणार त्या बाजूला आडवे उभे राहायचे आणि हलायचेच नाहीत. आपली अख्खी कूस उघडी टाकून. मग दोन्ही जहाजं बुडायची.

"काका, काहून थांबता तुमी?" कुलदीप ओरडायचा.

"बंद गाडी हाय," संतराम म्हणायचे. त्यांच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं.

ड्रायव्हर लोकांत हा रिवाजच होता, कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. रस्त्यात आपली एसटी बंद दिसली की न थांबता जायचं नाही, मग ती कुठल्याही आगाराची असो. आपली गाडी तिच्या पुढं नाही, मागं लावायची, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच दिसते. मग खाली उतरून रस्त्यावर दगड मांडायचे, बाभळीची फांदी टाकायची, पॅसेंजर आपल्यात घ्यायचे आणि ड्रायव्हरला विचारायचं, काय झालं, पाना हाय का. संतरामांनी हे शेकडो वेळा केलं होतं.

एकदाच केलं नव्हतं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मार्चचा महिना, सकाळचे दहा, आखाडा बाळापूरच्या अलीकडं. नांदेडला परीक्षेला चाललेल्या पोरापोरींनी गाडी गच्च भरलेली आणि आधीच वीस मिनिटं उशीर. पुढं रस्त्याच्या कडेला एक एसटी उभी दिसली, रस्त्याकडचं मागचं चाक पंक्चर. चाकाशी किशनराव बसलेला. कुरुंद्याचा किशनराव, त्यांच्याच बॅचचा, दोघांनी एका ताटात खाल्लेलं. संतरामांनी गाडी हळू केली. किशनरावनं गाडी ओळखली, आत कोंबलेली पोरं पाहिली, आणि उठून पाना धरलेला हात हलवला.

"जा, जा! थांबू नको! लेकरायची परीक्षा हाय!"

संतरामांनी गिअर टाकला. आरशात किशनराव पुन्हा चाकाशी बसताना दिसला, बारीक होत गेला, आणि वळणावर दिसेनासा झाला. बारा मिनिटांनी मागून आलेल्या एका टेम्पोला चाकाशी बसलेला माणूस दिसला नाही. मागं कुठली गाडी उभी असती तर दिसला असता.

पोरं परीक्षेला वेळेवर पोचली. संतरामांना कुणी बोल लावला नाही, लावायचं कारणही नव्हतं. कंडक्टरनं सगळं पाहिलं होतं, पण तो कुठं बोलला नाही. ते बाराव्याला कुरुंद्याला गेले तेव्हा किशनरावची बायको पदर डोळ्याला लावून म्हणाली, "भाऊजी, त्या रस्त्यानं किती गाड्या गेल्या असतील हो. तुमी असते तं तुमी थांबले असते." संतरामांनी मान हलवली. व्हय म्हणून हलवली की नुसतीच, ते त्यांचं त्यांना आजवर कळलेलं नाही. घरी येऊन त्यांनी पार्वतीबाईंनाही सांगितलं नाही. त्यानंतर मात्र नोकरी संपेपर्यंत ते प्रत्येक बंद गाडीमागं थांबले. ट्रॅक्टर असला तरी थांबले. उशिरापायी दोनदा मेमो खाल्ला.

हे सगळं स्वप्निलला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

या जानेवारीत गेमवाल्यांनी नवा नियम काढला. मुरलेल्या खेळाडूंनी फार आरडाओरडा केला होता की सोप्या लोकांमुळं लीगची मजा गेली. म्हणून लीगमध्ये सगळे पक्के हवेत, ठिपका कुणालाच नाही. सवलत बंद. संतरामांनी हे ऐकलं. ठिपका गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. रविवार जाईल की काय, याची धास्ती पडली.

"बाबा, तुमी सोप्या खोलीत खेळत ऱ्हा न," स्वप्निल म्हणाला. "तिथं तुमाला तकलीफ न्हाई."

"तिथं तू हैस का?"

"मी तं लीगमधीच राहीन, बाबा."

"मंग मी पक्कं शिकतो," संतराम म्हणाले.

आणि शिकले, एकसष्टाव्या वर्षी. रोज सकाळी अंघोळीनंतर पक्क्या खोलीत जाऊन मार खायचे. पहिल्या आठवड्यात त्यांचा एक गोळा कुणाला लागला नाही. समोरची पोरं खिदळायची. मग हळूहळू त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. रस्ता ओलांडणारं जनावर आपली गाडी पोचेपर्यंत कुठं असेल, हे ते एकतीस वर्षं ओळखत आलेच होते. तिथं चुकवायचं असायचं, इथं गाठायचं होतं, अंदाज तोच. मनात चारपर्यंत मोजून, समोरच्याच्या नाकापुढं मोकळ्या पाण्यात गोळा सोडायचा. जहाज आपणहून त्याखाली येतं. मार्चपर्यंत त्यांचे दहातले सहा गोळे लागायला लागले. कुलदीपनं स्वतः त्यांना ताफ्यात घ्यायचं मत दिलं.

लीगच्या पहिल्याच लढाईत 'कयाधू' बंद पडली. "बाबा, जा तुमी पुढं!" स्वप्निल ओरडला. संतराम थांबले. मागं जाऊन आडवे उभे राहिले. दोन्ही जहाजं गेली, लढाई गेली, आणि कुलदीपनं कानातलं काढून आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

त्या संध्याकाळी स्वप्निलचा फोन आला. रविवारी पुन्हा फोन यायची ही पहिलीच वेळ. संतरामांनी तो घाईघाईनं उचलला.

"बाबा, तुमाला बराबर ऐकू आलं व्हतं न, मी काय बोललो ते?"

"आलं व्हतं."

"मंग काहून थांबले?"

"सप्न्या, तुला एक सांगायचं व्हतं. रोडवर असं ऱ्हातंय की—"

"बाबा, रोडवरचं रोडवर. हा गेम हाय. हितं कोणी मरत न्हाई." मग अवघडल्यासारखा म्हणाला, "पुढल्या टायमाला थांबले तं मला तुमाला काढावं लागंल. मी एकटा न्हाई, अजून आठ जण हायेत. त्याह्यले मी काय सांगू?"

"बराबर हाय तुझं," संतराम म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते अंगणातल्या नळाशी जाऊन उगाचच बादली विसळत बसले. पोराचं खरंच बरोबर होतं. तिथं कुणी मरत नव्हतं. बुडालेलं जहाज दुसऱ्या लढाईला धुतल्यासारखं पुन्हा हजर असायचं. एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी समजत नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. सबंध आठवडा त्यांनी मनाला बजावलं. एका रात्री ताटावर बसून ते पार्वतीबाईंना म्हणाले, "पार्वते, किशनराव आठवतो का गं तुला?" त्या म्हणाल्या, "न आठवायला काय झालं? मेथी वाढू का?" आणि विषय तिथंच राहिला. त्यात पार्वतीबाईंचा काय दोष? ज्याला सांगायचं त्यानं सरळ सांगायला पाहिजे होतं. अकरा वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते मेथीच्या भाजीबरोबर कुठं निघणार होतं!

पुढचा रविवार आला. डबा, चष्मा, वायरी. समोरचा ताफा तगडा होता. दोन बेटांच्या मधून एक अरुंद वाट आणि वाटेच्या टोकाला बंदर, जो आधी पोचून ते धरेल तो जिंकला. पंधरा मिनिटांत दोन्हीकडची निम्मी जहाजं गेली. 'कयाधू' वाटेत शिरली. तिच्यामागं 'जलद'.

आणि वाटेच्या मधोमध 'कयाधू'च्या इंजिनाला गोळा लागला. जहाज थबकलं. मागच्या बेटाआडून धूर सोडत दोन शत्रू येत होते. बंदर पुढं मोकळं होतं.

संतरामांचा डावा अंगठा आपोआप मागं सरकला. 'जलद' हळू झालं.

"बाबा!" कानात स्वप्निलचा आवाज आला. "जा, जा! थांबू नका! माझं सोडा, बंदर धरा!"

तेच शब्द होते. फक्त पाना धरलेला हात नव्हता. संतरामांच्या डोळ्यांपुढून फोन गेला आणि मार्चमधला डांबरी रस्ता आला. अंगठा काचेवर तसाच होता, घामानं ओला. थांबलं तर पोरगं आज काढून टाकील. काढल्यावर पुन्हा जेवलात का, गोळी घेतली का, ठेवतो. एवढं सगळं त्या दोन-तीन श्वासांत त्यांच्या मनातून गेलं, आणि त्यांनी अंगठा पुढं ढकलला.

'जलद' 'कयाधू'च्या कुशीला घासून पुढं निघालं. पांढऱ्या रंगातलं नाव त्यांना स्पष्ट वाचता आलं. या गेममध्ये मागं बघायचं एक बटण असतं, कोपऱ्यात. पोरं ते कधी वापरत नाहीत. संतराम ड्रायव्हर माणूस, दर मिनिटाला दाबायचे. आज त्यांनी ते दाबलं नाही. मागं मोठा आवाज झाला तेव्हाही दाबलं नाही.

समोरून बंदराकडं एक मोठं जहाज वळत होतं. संतरामांनी चारपर्यंत मोजलं आणि मोकळ्या पाण्यात गोळा सोडला. मग दुसरा. जहाज त्याखाली आलं. त्यांनी बंदर धरलं, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं आली.

कानात एकच कल्ला झाला. कुलदीप शिट्टी मारत होता. "काका, एक नंबर! काका, मानलं तुमाला!"

"बाबा!" स्वप्निल हसत होता. लहानपणी बसच्या टपावर चढवल्यावर हसायचा तसा, अगदी खुशीत. "बाबा, जमलं तुमाला! बुडाल्यावर मी वरून सगळं बघून राहिलो व्हतो. काय मारला! बघा, थांबले न्हाई तं काई झालं का?"

"सप्न्या," संतराम म्हणाले. "तू बोलत ऱ्हाय जरा."

"काय बोलू?"

"काईबी. कुठं हैस तू?"

"रूमवर हाय, बाबा. कुठं राहीन? काहून?"

"बरा हैस न?"

"मला काय धाड भरली? बाबा, ठेवतो आता, पोरं बोलवून राहिले. पुढल्या रविवारी पुढची लढाई हाय, चारला. अन् आजच्यावानीच खेळायचं. थांबायचं न्हाई."

"न्हाई थांबत," संतराम म्हणाले.

आवाज गेला. त्यांनी कानातल्या वायरी काढल्या, पण हातातच धरून ठेवल्या. पडद्यावर दोन्ही ताफ्यांची यादी होती. बुडालेल्या नावांवर लाल रेघ. 'कयाधू'वर रेघ होती. 'जलद'वर नव्हती. संतराम त्या रेघेकडं बघत राहिले आणि मग त्यांना समोरचं काही दिसेना. चष्मा काढला तरी दिसेना. मोठा माणूस हुंदका दाबतो तेव्हा जो एक चमत्कारिक आवाज होतो, तो ऐकून पार्वतीबाई ओल्या हातानं दारात आल्या.

"अवो, काय झालं? हारले का?"

"न्हाई. जिंकलो."

"मंग रडून काहून राहिले?"

संतरामांनी फोन डब्यावरून काढून पालथा ठेवला.

"मी थांबलो न्हाई, पार्वते," ते म्हणाले. "तो जा म्हणला अन् मी गेलो."

पार्वतीबाईंना वाटलं, गेमचंच काही तरी असणार.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "पोरगं किती खूश झालं असंल." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.